राख नसलेली चूल

परदेशात माझा मुलगा राहतो, त्या गावात जुनी घरं जपून ठेवलीत. भोवती नजर पोचेल तिथवर नुसतं गवत आणि वारा. एका लाकडी घराच्या दारात मी सवयीनं चपला काढल्या.

मुलगा हसला. "आबा, घाला चपला. इथं कोण राहतंय?"

"घर हाय ना? मग झालं!" म्हणून मी अनवाणीच आत गेलो.

टेबलावर ताटं मांडलेली, पाळण्यात दुपट्याची घडी. लोखंडी चूल घासूनपुसून लख्ख. मी तिचं झाकण उचललं, तर आत राखेचा कण नाही. शाळा मी दुसरीतच सोडली, पण राख नाही तिथं माणूस जेवत नाही एवढं मला कळतं.

गावाकडं माझंही घर कुलपात आहे. मुलगा रोज म्हणतो, "आता इथंच राहा. तिकडं बाई लावून घर झाडून घेऊ." झाडूनपुसून ठेवलेलं घर कसं दिसतं, ते आज बघितलं.

निघताना सवयीनं "येतो" म्हणालो. "या" म्हणायला आत कोणी नव्हतं. दारात माझ्या चपला होत्या, तेवढ्यानं घरात माणूस असल्यासारखं वाटत होतं. त्या घालायला पाय धजेना.