जवसाची मुळं

सुपर फॉस्फेटचं पोतं फोडलं की त्याचा आंबूस वास नाकात शिरतो आणि मला अजूनही माझं ते पहिलं जवस आठवतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी सासऱ्यांना म्हटलं होतं, "मामाजी, यंदा जवसाला खत देऊन पाहू." ते हसले. "जवसाले कोणी खत देते का वो? धानाच्या ओलीवर येते ते." तरी धान कापून मोकळी झालेली रस्त्याकडची एक बांधी, चारी बाजूंनी बांध असलेला शेताचा तुकडा, त्यांनी माझ्या हवाली केली. सुपर फॉस्फेटमधलं स्फुरद मातीत पडतं तिथेच बसतं, हे मी कॉलेजात शिकले होते, म्हणून खत वरून न फेकता बियांच्या खाली पेरून घेतलं. पण तीन आठवडे झाले तरी माझं जवस आणि शेजारच्या बांधीतलं बिनखताचं, दोन्ही सारखंच वीतभर. येणाऱ्याजाणाऱ्या बाया थांबून पाहत. स्फुरदाचा गुण आधी मुळांत दिसतो, एवढाच आधार होता. मग रोज सकाळी मी मूठभर रोपं उपटायची, मुळं धुऊन पाहायची आणि रोपं बांधाआड टाकायची. मुळं चांगली दाट होती, पण मन मानेना. एके दिवशी मामाजी बांधावर उभे दिसले; पायाशी सुकलेल्या रोपांचा ढीग, समोर बांधीत मधोमध टक्कल पडलेलं. मला रडूच फुटलं. ते खाली बसले, एक मूळ बोटांनी विंचरत म्हणाले, "खत लागलं, पोरी. पण तू रोज उपटून पाहून राहिली, तं ते वाढन कवा?" आज लेकीचा नागपुरात पेपर आहे. सकाळपासून तिसऱ्यांदा तिला लावायला हातात घेतलेला फोन मी खाली ठेवला.