दुखवट्याचा ठराव

श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटं उभं राहा असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी उभी राहते, कारण बसून राहणं वाईट दिसतं. पण गेलेल्या माणसाविषयी त्या दोन मिनिटांत माझ्या मनात एकही चांगला विचार येत नाही. आठवते ती एक सभा, आणि माझ्या मुठी वळतात. ओळखीचे लोक म्हणतात, बाई फार तापट आहे. असेन. थंड डोक्याच्या माणसांचं काम कसं चालतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

माझे वडील खडकीच्या कारखान्यात नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा त्यांनी वाघोलीच्या पुढे, नगर रस्त्यापासून आत एका गावात दोन खोल्यांचं घर बांधलं. ते गाव आता पुणे शहरात आलं आहे. तेव्हा त्याची स्वतःची लहानशी नगरपरिषद होती. गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर तिथले लोक मला शिव्या देणार नाहीत, माझ्या सन्मानार्थ ठराव मांडतील.

आई आधीच गेली होती. मी पुण्यात एका कचेरीत कारकून होते. सकाळच्या बसने जायचं, संध्याकाळच्या बसने यायचं. वडिलांना वेळ भरपूर आणि स्वस्थ बसायची सवय नाही. शेजारी माळवं पिकवणारं एक कुटुंब होतं. घरधनी रोज पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन मंडईला जायचे. त्यांची मुलगी आठवीत होती. ती वडिलांकडे गणितं सोडवायला येऊ लागली आणि वडिलांना जणू पुन्हा नोकरी लागली.

आमची वस्ती आणि हायस्कूल यांच्यामध्ये एक ओढा होता. उन्हाळ्यात त्याच्यात शेळ्या चरायच्या, पावसाळ्यात कमरेएवढं पाणी. दुसरा रस्ता हायवेवरून, तासाभराची चाल, सगळी ट्रकांच्या चाकाशी. त्या पावसाळ्यात ही पोरगी ओढ्यात घसरली आणि बरीच लांब वाहत गेली. एका बाभळीला अडकली म्हणून वाचली. दप्तर गेलं. तिच्या वडिलांनी दिवाळीपर्यंत शाळा बंद केली आणि माझ्या वडिलांना येऊन स्पष्ट सांगितलं, "मास्तर, पूल झाला तर नववीला धाडतो. न्हायतर घरीच बसंल. पोरगी हाय ती, म्हैस न्हाय पाण्यात सोडायला."

वडील मास्तर नव्हते. कारखान्यात फिटर होते. पण मास्तर म्हटल्यावर त्यांना ते निभावणं आलं. त्यांनी नगरपरिषदेला अर्ज लिहिला. मग दुसरा लिहिला. दर महिन्याच्या सभेला जाऊन मागच्या बाकावर बसू लागले. शेवटी पूल विषयपत्रिकेवर आला, विषय क्रमांक तीन. नगरपरिषदेचा इंजिनिअर भला माणूस होता. तो म्हणाला, "काका, मोठ्या नळ्या टाकायच्या आणि वर स्लॅब. दीड महिन्याचं काम. एप्रिलच्या सभेपर्यंत मंजुरी मिळाली, तर पावसाच्या आत करून देतो. त्यानंतर मिळाली तर मात्र दिवाळीच."

एप्रिलपर्यंत चार सभा होत्या. चार सभांत एक विषय होणार नाही असं कुणाला वाटेल?

कुणी मोठा माणूस गेला की त्याच्या सन्मानार्थ सभा तहकूब करायची अशी आपल्याकडे रीत आहे. म्हणजे ठराव वाचायचा, दोन मिनिटं उभं राहायचं आणि एकही विषय न घेता घरी जायचं. रीत मुळात चांगलीच असणार. आमच्या सभेने मात्र तिचा रतीब लावला होता. जानेवारीत दिल्लीतले एक माजी मंत्री गेले. त्यांचं नाव वाचताना अध्यक्ष तीनदा अडखळले. सभा तहकूब. फेब्रुवारीत दुसऱ्या तालुक्यातले एक कीर्तनकार गेले. सभा तहकूब. मार्चमध्ये उपाध्यक्षांच्या चुलत सासूबाई. वडील त्या दिवशी घरी येऊन चपला काढता काढता म्हणाले, "आज चुलत सासूबाई झाल्या. पुढच्या महिन्यात कुणाची गाय दगावली नाही म्हणजे मिळवली."

त्या मार्चच्या सभेला मीही रजा काढून गेले होते, हे मुद्दाम सांगते. अडाणीपणाची सबब मला नाही. सभागृहाबाहेर दोन जीपगाड्या उभ्या होत्या आणि मागच्या सीटवर गुलाबी फेटे ठेवलेले होते. लग्नसराई सुरू झाली होती. माना खाली घालून उभे राहिलेले सभासद पाच मिनिटांत बाहेर आले, एकाने आरशात बघून फेटा चढवला आणि जीप अक्षता टाकायला निघून गेली. चुलत सासूबाईंचं दुःख पायरीपर्यंतसुद्धा टिकलं नाही. मी वडिलांना म्हटलं, "यांना मयत लागत नाही, निमित्त लागतं." वडील नुसते हसले. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं, तोंडाने बोलले आणि तरीही पुढे जे केलं ते केलं.

एप्रिलच्या सभेला बारा दिवस होते तेव्हा वडील गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

पाचव्या दिवशी आमच्या वॉर्डाचे नगरसेवक भेटायला आले. सतरंजीवर बसले, चहा नको म्हणाले. मग म्हणाले, "ताई, तुमचे वडील म्हणजे गावाचं भूषण होतं. या सभेत त्यांच्या दुखवट्याचा ठराव मांडावा म्हणतो. आपण जरा माहिती लिहून द्या." पुण्याहून आलेली आत्या तिथेच होती. तिला भरून आलं. "दादाचं नाव सभेत घेणार!" असं ती दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली.

आणि मी? मी कागद घेतला. पहिला मसुदा आवडला नाही म्हणून फाडला. दुसरा लिहिला. जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, सचोटी, साधेपणा, शिक्षणाविषयीची तळमळ. शेवटी लिहिलं, 'ओढ्यावरील पुलासाठी ते अखेरपर्यंत प्रयत्नशील होते.' हे वाक्य घातल्याचा मला अभिमान वाटला. मला वाटलं, ते वाक्य सभेत मोठ्याने वाचलं गेल्यावर पूल कोण अडवणार? दोन मिनिटं उभे राहतील, खाली बसतील आणि वडिलांची आठवण म्हणून विषय क्रमांक तीन आधी घेतील. चौतीस वर्षांची बाई मी, सरकारी कागदांत आयुष्य गेलेलं, आणि अक्कल अशी गहाण ठेवली. त्या पाच दिवसांत घरात सगळे हळू आवाजात बोलत होते, माझ्यावर कुणी कसलं काम टाकत नव्हतं. हे एक काम मिळालं आणि मी ते अगदी मन लावून केलं. मी तो कागद नगरसेवकांच्या घरी स्वतः नेऊन दिला.

सभा दहाव्या दिवसानंतर दोन दिवसांनी होती. मी गेले. शेजारचे शेतकरीही आले, मंडईतून परस्पर, धोतराला कोथिंबिरीची पानं चिकटलेली. आम्ही मागच्या बाकावर बसलो. नगरसेवक उठले आणि माझा कागद वाचू लागले. वाचलं चांगलं, हे कबूल करते. पुलाचं वाक्य आलं तेव्हा शेजारच्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मला रडू फुटलं. सगळे उभे राहिले, मीही राहिले, आणि त्या दोन मिनिटांत मला त्या लोकांबद्दल चक्क माया वाटली. हे आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग अध्यक्षांनी चष्मा लावून पुढचा कागद वाचला. "दिवंगतांच्या सन्मानार्थ आजची सभा तहकूब करण्यात येत आहे."

खुर्च्या सरकू लागल्या. शेजारचे मला विचारत होते, "काय म्हनले? आपला विषय कवा?" त्यांना उत्तर देण्याऐवजी मी ओरडले. सभागृहात प्रेक्षकांनी बोलायचं नसतं, तशी पाटीच होती. मी म्हटलं, "थांबा! विषय क्रमांक तीन घ्या. त्यांना सन्मान द्यायचाय ना? मग खाली बसा आणि पूल मंजूर करा. माणूस मेलाय, ओढा तिथेच आहे!"

कुणी माझ्यावर ओरडलं असतं तर बरं झालं असतं. अध्यक्ष अतिशय हळुवारपणे म्हणाले, "ताई, आपल्या दुःखात आम्ही सगळे सहभागी आहोत." मग शिपायाकडे वळून म्हणाले, "यांना पाणी दे रे." मी म्हटलं, "पाणी नको, पाण्यावरचा पूल हवाय." त्यावर नगरसेवक माझ्याजवळ आले आणि मला समजावू लागले, "अहो, असं काय करता? आपल्याच वडिलांसाठी आहे ना हे? कागद तर आपणच दिलात." त्यांचा चेहरा खरोखरच दुखावल्यासारखा होता. त्यांनी ते मुद्दाम केलं की भोळेपणाने, हे मला आजवर कळलेलं नाही. त्या दिवशी लग्नाची दाट तिथी होती एवढं मला माहीत आहे. बाहेर आले तर जीप सुरू झाली होती.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. जे काम अडवायला त्यांना मंत्री, कीर्तनकार आणि चुलत सासूबाई लागल्या, त्यासाठी चौथा माणूस त्यांना मी पुरवला. तोही असा माणूस, ज्याने जिवंत असता तर मागच्या बाकावरून उठून सगळ्यांची खरडपट्टी काढली असती. घरी आले तर आत्याने विचारलं, "छान झालं ना गं?" मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. ती दुसऱ्याच दिवशी पुण्याला निघून गेली आणि त्यानंतर वर्षभर आम्ही बोललो नाही.

मेच्या सभेत कुणीही मेलं नाही. विषय क्रमांक तीन चर्चेविना, एकमताने, एका मिनिटात मंजूर झाला. एका मिनिटात! इंजिनिअर घरी येऊन गेला. खाली मान घालून म्हणाला, "आता नळ्या टाकल्या तर पहिल्याच पुरात जातील. दिवाळीनंतर नक्की." मी त्याच्यावर चिडले नाही. त्याने पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं. शेजाऱ्यांना सांगायला तोही माझ्याबरोबर आला. त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही. "बरं," म्हणाले, आणि जुड्या बांधू लागले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला निदान उत्तर देता आलं असतं.

दुखवट्याच्या ठरावाची प्रत मात्र सभेनंतर चौथ्याच दिवशी घरपोच आली होती. जाड पाकीट, वर गोल शिक्का, अध्यक्षांची सही. नगरपरिषद एवढ्या वेगाने काम करू शकते हे मला तेव्हाच कळलं. मी ती उघडलीही नव्हती. तशीच टेबलावर पडून होती.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या आठवड्यात ती मुलगी आमच्याकडे आली. गणितासाठी नव्हे, आईने भाजी दिली होती. तिने टेबलावरचं पाकीट पाहिलं, विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर उघडून मोठ्याने वाचायला लागली. 'शोकसंवेदना', 'कर्तव्यनिष्ठ', 'अपरिमित हानी', सगळं एकदाही न अडखळता. अध्यक्षांना जमलं नव्हतं ते. शेवटच्या ओळीशी थांबली आणि म्हणाली, "ताई, तहकूब म्हंजी?"

"पुढं ढकलणं," मी म्हटलं.

"मंग ह्याच सभंत माजा पूल व्हता?"

मी हो म्हटलं. आणि मग, का कोण जाणे, तिला सगळं सांगून टाकलं. नगरसेवक आले होते ते, कागद मी लिहून दिला ते, पहिला फाडून दुसरा लिहिला तेही. ती ठरावाची घडी घालत ऐकत होती. मला वाटलं ही रडेल किंवा रागावेल. तिने घडी पाकिटात घातली, पाकीट टेबलावर ठेवलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मला इचारायचं ना, ताई. म्या नगं म्हनले असते."