पलंगाच्या पायाखालच्या वाट्या

अकोल्याच्या जठारपेठेत नारायणराव अंबाडकर वकिलांना हरलेलं कोणी बघितलं नव्हतं. कोर्टात हरले असतीलही, कोण नाही म्हणतं. पण "हरलो" असं त्या माणसाने तोंडाने कबूल केलं असेल तर शपथ. दूधवाल्याने दुधात पाणी घातलं तर त्याची उलटतपासणी फाटकातच व्हायची, आणि तो बिचारा म्हशीलाही साक्षीला आणायला तयार व्हायचा. अशा माणसाला शेवटी कोणी रडवलं म्हणाल, तर मुंगळ्यांनी. काळ्या, टपोऱ्या, लाकूड कोरून त्यात घर करणाऱ्या मुंगळ्यांनी.

हसू नका. आधी ऐका, मग वाटलं तर हसा.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला, शैलावहिनींना, देवपूजा करता करता झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डोळे राहिले आणि डावा हात राहिला. समजायचं सगळं, पण सांगणार कशाने? एके काळी भजनी मंडळात टाळ धरून उभी राहिली की मागच्या बायकांचे आवाज झाकून टाकणारी ही बाई, आता छताकडे बघत पडून असायची. नारायणरावांनी त्याच दिवशी काळा कोट खुंटीला लावला. अशील दारात आले, म्हणाले, "सायेब, आमच्या केसचं काय?" तर म्हणाले, "दुसरा वकील बघा बाप्पा. माझी मोठी केस लागली आहे."

आणि खरंच लढले हो! अंग पुसणं, पेज भरवणं, कूस बदलणं, सगळं स्वतः. वेणी घालायलाही शिकले. सुरुवातीला ती वेणी कमी आणि सुंभ जास्त दिसायचं, पण शिकले. मुलगा स्वानंद पुण्याला. तो दर फोनवर तेच म्हणायचा, "बाबा, माझ्या घराजवळ चांगलं सेवाकेंद्र आहे. आईला तिथे ठेवू, चोवीस तास नर्स असतात. तुम्ही माझ्याकडे राहा, रोज तिच्याजवळ जाऊन बसा."

"मी जठारपेठ सोडणार नाही," नारायणराव म्हणायचे, "आणि तिलाही सोडू देणार नाही. या घरात नवरी होऊन आली, या घरातूनच जाईल."

तिला विचारलं? छे! त्यात विचारायचं काय?

वहिनी झोपायच्या तो पलंग त्यांच्या माहेरचा, उमरावतीचा, म्हणजे अमरावतीचा. लग्नात सासऱ्यांनी दिलेला. वरूडहून अकोल्याला संत्री घेऊन येणाऱ्या ट्रकमध्ये पेट्यांवर उताणा घालून आला होता आणि महिनाभर त्याला संत्र्यांचा वास होता. "अस्सल साग आहे जावईबापू, नातवंडं झोपतील यावर. कीड लागायची नाही," असं सासरे छातीवर हात ठेवून म्हणाले होते. नारायणरावांनी आयुष्यात ज्या थोड्या साक्षी बिनतपासणीच्या मान्य केल्या, त्यातली ही एक.

आजारपणाच्या पहिल्या पावसाळ्यात लाल मुंग्या आल्या. पलंगावर पेज सांडणारच, साखरेचं दूध सांडणारच. नारायणरावांना आपली आई आठवली. दूध-दह्याच्या जाळीच्या कपाटाचे चारी पाय ती पाण्याच्या वाट्यांत ठेवायची, मुंगीची काय बिशाद वर चढायची! त्यांनी माळ्यावरून पितळी वाट्या काढल्या, पलंगाचे चारी पाय त्यांत ठेवले, वर पाणी भरलं. लाल मुंग्या वाटीच्या काठापर्यंत यायच्या, मिशा हलवायच्या आणि माघारी फिरायच्या. वकीलसाहेब टाळी वाजवून हसले. "बघ शैला, स्टे मिळाला!" तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ त्या वाट्यांत पाणी भरणं हे देवाच्या दिव्यासारखं न चुकता व्हायचं. दिवा एखादे वेळी राहील, वाटी कोरडी राहणार नाही.

या वर्षी श्रावणात मुंगळे आले.

पहिला चावा वहिनींच्या उजव्या पोटरीवर दिसला. मग दंडावर, मग मानेपाशी. उजव्या बाजूला त्यांना कळत नव्हतं. तिथे मुंगळा तोंड रुतवून तसाच चिकटलेला सापडायचा. ओढावा तर धड हातात आणि डोकं कातडीत. मुंगळा तुटेल पण सोडणार नाही, म्हणतात ते उगीच नाही. नारायणरावांची हळद झाली, हिंग झाला, खडूच्या रेघा झाल्या, रॉकेलचे बोळे झाले. अंगणातला सडका ओंडका जाळला, भिंतीची भोकं सिमेंटने बुजवली. औषध फवारणारा माणूस बोलावला, तर त्या वासाने वहिनींचा श्वास असा कोंडला की ओठ निळे पडले. त्याला पंप घेऊन पळवून लावलं. मुंगळे मात्र तिथल्या तिथे.

गणपतीला स्वानंद आला. आईच्या अंगावरची चादर त्याने बाजूला केली आणि बघतच राहिला.

"बाबा, हे काय आहे?"

"मुंगळे. करतोय मी बंदोबस्त."

"अहो, तिला जिवंतपणी मुंगळे खातायत! बरं तरी की तिला त्या बाजूला कळत नाही."

"डाव्या बाजूला कळतं," नारायणराव हळूच म्हणाले. त्यांच्याच्याने खोटं बोलवलं नाही.

स्वानंदने आईच्या अंगावर चादर पुन्हा नीट घातली. मग म्हणाला, "दसऱ्याला मी गाडी घेऊन येतो. तेव्हा आईच्या अंगावर एक जरी नवा चावा दिसला, तर मी तिला नेणार. मग तुम्ही माझं तोंड बघा नाहीतर बघू नका."

हे सगळं शैलावहिनींच्या उशापाशी झालं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. नारायणरावांनी ते तिच्याच पदराने टिपलं आणि म्हणाले, "घाबरू नको. कोणी नेत नाही तुला." आणि वहिनींचा डावा हात पलंगाच्या लाकडी कडेवर आपटायला लागला. टक, टक, टक.

हे हल्ली नेहमीचंच झालं होतं. जाग असली की हात कडेवर. नारायणरावांनी त्याचा अर्थ केव्हाच लावून टाकला होता: भजनाचा ठेका! मंडळातली बाई, टाळाची सवय, हात स्वस्थ कसा बसेल? ते लगेच मोबाईलवर भजन लावायचे आणि चुटक्या वाजवत साथ द्यायचे. हात थांबला नाही तर आवाज वाढवायचे. वहिनी डोळे घट्ट मिटून घ्यायच्या. "रमली," म्हणायचे नारायणराव. काय म्हणावं या माणसाला!

दसरा जवळ यायला लागला तशी वकीलसाहेबांची झोप उडाली. दिवसा खुर्ची टाकून पहाऱ्याला बसायचे, पेंगायचे, दचकून उठायचे आणि चादर झटकायचे. दाढी वाढली. कामाला येणाऱ्या कौशल्याबाई, मूळच्या तिवशाकडच्या, एके दिवशी झाडू हातात धरून म्हणाल्या, "वकीलसायेब, हा भुसा कुठून येऊन राह्यला वो पलंगाखाली? आताच तं झाडलं व्हतं!"

"उदबत्तीचा असेल. झाडा."

"इतकी उदबत्ती? बाप्पा!" म्हणून त्यांनी तो पिवळट भुसा सुपलीत भरला आणि टाकून दिला. रोज टाकत होत्या.

आणि एका सकाळी नारायणरावांना रस्ता सापडला. मच्छरदाणीची एक दोरी खिडकीच्या गजाला बांधलेली होती, आणि त्या दोरीवरून मुंगळ्यांची ओळ चालली होती, काही येणारे, काही जाणारे, बाजाराच्या दिवसासारखी वर्दळ. "सापडला!" ते ओरडले. खाली वाट्यांत पाणी, आणि हे वरून येतात होय! त्यांनी कात्रीने दोरी तोडली. चारी दोऱ्या तोडल्या. पलंग भिंतीपासून हातभर सरकवला. आता पलंगाला बाहेरच्या जगाचा कुठेच स्पर्श नाही, खाली चार वाट्या पाणी आणि चहूकडे मोकळी हवा. "शैला, केस जिंकली," म्हणत त्यांनी बायकोच्या कपाळाचं चुंबन घेतलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कौशल्याबाईंच्या देखत हे पहिल्यांदाच. त्या तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाल्या.

पण दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं ते पहिल्याहून भयंकर. पाठीवर चावे, कुशीत चावे, पापणीवर चावा. भिंतीवर मुंगळा नाही, फरशीवर मुंगळा नाही, आणि शैलावहिनींच्या अंगावर जिकडे बघाल तिकडे. नारायणराव वेड्यासारखे पलंगाभोवती फिरायचे. येतात कुठून? आकाशातून पडतात? वहिनींचा हात थांबेनासा झाला. टक टक टक. बोटांची सालं निघाली तरी टक टक टक.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी स्वानंदचा फोन आला, मूर्तिजापूर सोडलं म्हणून. तो कंपनीच्या कामाने आधी नागपूरला गेला होता, तिकडूनच गाडी घेऊन येत होता. नारायणरावांनी बायकोच्या गळ्यावरचा ताजा लाल फोड पाहिला, फोन ठेवला आणि पलंगापाशी खालीच बसले.

"शैला," ते म्हणाले, "हरलो मी. माझ्याच्याने होत नाही आता. म्हातारा झालो मी, मला साधे मुंगळे हटवता येईनात. जा तू पुण्याला." आणि पलंगाच्या कडेवर डोकं टेकून तो माणूस हुंदके देऊन रडला. कौशल्याबाई दारात उभ्या होत्या, त्याही रडायला लागल्या.

शैलावहिनींचा हात हलला. नारायणरावांच्या कानाजवळच, लाकडावर. टक, टक.

आणि लाकडाच्या आतून उत्तर आलं.

सरसर, सरसर. वाळक्या पाचोळ्यात कोणी हात घालावा तसा आवाज. वहिनींनी पुन्हा ठोकलं; पुन्हा आत खळबळ. नारायणरावांचं रडं जागच्या जागी गोठलं. त्यांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याचकडे बघत होती, आणि त्या नजरेत इतके महिने काय होतं ते त्यांना आता वाचता आलं. ही बाई दिवसरात्र त्या लाकडाला कान लावून पडली होती. आतला प्रत्येक पाय ऐकत होती. उरलेल्या एका हाताने, जमेल तसं, सांगत होती. आणि हा नामांकित वकील चुटक्या वाजवत होता. साक्षीदार समोर होता, त्याची साक्ष घेतलीच नाही!

"कौशल्याबाई! धरा! गादीसकट उचला!"

दोघांनी मिळून वहिनींना गादीसकट खाली ओढलं, देवघरापाशी नेलं. नारायणरावांनी पलंगाचा उशाकडचा पाय वाटीतून बाहेर काढायला हिसडा दिला, तर तो पावासारखा मोडून हातात आला. साग कसला! वर सागाच्या रंगाचा हात मारलेला, आत आंब्याचं लाकूड. दीड वर्ष पाणी पिऊन पिऊन बुडापासून कुजलेलं आणि आत गल्ल्याच गल्ल्या. त्यातून मुंगळे उसळले, पांढरी अंडी तोंडात धरून. ज्या वाट्या वकीलसाहेबांनी निष्ठेने भरल्या त्यांनीच लाकूड मऊ केलं. जी दोरी त्यांनी तोडली ती मुंगळ्यांची बाहेर जायची वाट होती. चोर घरात कोंडून बाहेरून कडी घातली होती त्यांनी, आणि आत होती शैला.

"माय वो," कौशल्याबाई म्हणाल्या, "मी तं भुसा रोज फेकत व्हती!"

स्वानंद आत आला तेव्हा दारं सताड उघडी, अंगणात मोडका पलंग पेटलेला, आई जमिनीवर, आणि बाप हातापायांवर मुंगळे चिकटलेले तसेच घेऊन उभा.

"बाबा, आता एक शब्द बोलू नका," तो म्हणाला. "गाडी बाहेर आहे."

"मी नाही बोलत," नारायणराव म्हणाले. "तिला विचार. आपण दोघांनीही तिला कधी विचारलं नाही."

त्यांनी देवघरातला पाट आणून बायकोच्या डाव्या हाताखाली ठेवला. तिच्या सोललेल्या बोटांवरून अंगठा फिरवला. "शैला, मला माफ नको करू, पण ऐक. हो असेल तर एकदा ठोक. नाही असेल तर दोनदा." घसा खाकरून त्यांनी आयुष्यातला सगळ्यात अवघड प्रश्न विचारला. "या घरात राहायचं आहे तुला?"

वहिनींनी एकदा घर पाहिलं. देव, खिडकी, खुंटीवरचा काळा कोट. मग हात उचलला.

टक.

आणि थोड्या वेळाने, टक.

स्वानंद तोंड फिरवून उभा राहिला. नारायणरावांनी मान हलवली, निकाल ऐकून घेतल्यासारखी. अपील केलं नाही. कौशल्याबाई आतून वहिनींची लुगडी आणायला गेल्या. नारायणराव मात्र उठेनात. पाटापाशीच बसून राहिले, फरशीकडे बघत. मग एखाद्या नवशिक्याच्या आवाजात म्हणाले,

"आणि मी? मी येऊ तुझ्याबरोबर?"

हात वर गेला. टक.

दुसरी टक पडते की काय म्हणून ते श्वास रोखून बसले. वहिनींनी हात उलटा केला, तळवा वर, आणि तसाच पाटावर ठेवून दिला.