देवीचं छप्पर

मी देवीला शिव्या दिल्या आहेत, हे आधीच सांगून टाकते. मनातल्या मनात नव्हे, तोंडावर.

आमचं गाव जुन्या गडाच्या माचीवर. तीन बाजूंना कडा, चौथीकडून खाली उतरणारी पायवाट. दर पावसाळ्यात कड्याची माती ढासळायची. आधी आमचं खळं गेलं, मग परड्यातला फणस. त्या श्रावणात गोठा गेला आणि गोठ्यासोबत माझी गाभण गाय. तिचं हंबरणं खालून बराच वेळ ऐकू येत होतं. आता कडा घरापासून अकरा पावलांवर आला होता. आमचे मालक वलवणला धरणाच्या कामावर होते. ते म्हणाले, "म्होरल्या पावसाआधी खाली चल. घर काय ऱ्हात न्हाई." त्या दिवसापासून मी दिवा लावला नाही की ओटी भरली नाही. गुरवकाका विचारायला आले, तर म्हटलं, "तिला सांगा, गाय खाल्लीस, आता घर खा."

चैत्रात एक म्हातारे गवंडी माचीवरच्या पिराला फुलं वाहायला आले. लोणावळ्याकडचे मुसलमान, दाढी पांढरी झालेली. पाणी प्यायला माझ्या दारात टेकले आणि पाणी तसंच हातात धरून कड्याकडं बघत राहिले.

"पोरी, हितला तट कुटं गेला?"

"आमीच काढला, आबा. देवीचं देऊळ बांधाया."

"पाया काढून कळस चढवला व्हय! माती त्या तटानंच धरली हुती की."

मला त्यांचा राग आला, मग आणखी कुणाचा तरी आला. देवी पूर्वी उघड्या चौथऱ्यावर होती. तिला छप्पर द्यायचं म्हणून सासऱ्यांनी पुढाकार घेतला होता. मी तेव्हा नवी नवरी. सगळ्या बायकांत जास्त दगड मीच वाहिले होते, आणि त्याची फुशारकी पुढं कितीतरी वर्षं मारली होती.

तेच दगड परत तटाला लावायचे, असं मी गावाला सांगितलं. लोक अंगावर आले. शेवटी कौल लावायचं ठरलं. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सकाळपासून ऊन डोक्यावर येईतो एकही कळी हलेना. लोक उठायला लागले. माझा तोल सुटला. गुरवकाकांना बाजूला सारून मी ओरडले, "तुला डोईवर छप्पर पायजे आन् आमी दरीत जायाचं? माझं चुकलं, म्याच वाहिलं दगड. पर आता तरी बोल की गं, बये!"

उजवी कळी पडली.

ती वाऱ्यानं पडली, सुकून पडली की माझ्या आरड्यानं, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. दुपारीच गुरवकाकांनी स्वतःच्या हातानं पहिला दगड उतरवला. गवंडीआबा तट रचायला मृगापर्यंत आमच्यातच राहिले. कुणी आभार मानले की म्हणायचे, "माझा पीर बी हितंच हाय की." आमचे मालकही काम सोडून वर आले. मी पुन्हा दगड वाहिले, या खेपेला मुकाट्यानं.

आषाढात आठवडाभर झड लागली. कड्याकडून काही आवाज येतो का, म्हणून मी कान लावून बसे. आठव्या दिवशी न राहवून देवीकडं गेले. ती चौथऱ्यावर उघडी बसली होती, कपाळावरचं कुंकू ओघळून छातीपर्यंत आलेलं. इतके दिवस मी हिशोब मागत होते आणि हिनं डोक्यावरचं छप्पर कधीच देऊन टाकलं होतं. मला रडू फुटलं. राग होताच, पण आता तो तिच्यावर नव्हता. माझं इरलं काढून मी तिच्यावर घातलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन दगड ठेवले आणि म्हटलं, "आता तुला वाटंल तसं कर."

चिंब भिजून परत आले. घर जागेवर होतं. मी दिवा लावला.