सुटे पैलवान

आमच्या घरात प्लास्टिकचे एकोणीस पैलवान होते. वीतभर उंचीचे, टीव्हीवरच्या कुस्तीतल्यासारखे उघड्या छातीचे, खांद्यात आणि गुडघ्यात वळणारे. धाकटा भाऊ गेला तेव्हा त्याचे कपडे आईनं वाटून टाकले. त्याचे टेस्टर आणि पक्कड त्याच्यासोबत लाइट फिटिंगची कामं करणारा जोडीदार घेऊन गेला. मागे उरला तो बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा आणि त्यात हे एकोणीस. दोन पावसाळ्यांपूर्वी आठ दिवस ताप आला आणि तो गेला. तेहतीस वर्षांचा होता, लग्न झालेलं नव्हतं, मागे कोणी नाही. तेव्हा तो डबा म्हणजेच तो, असं आईनं धरून ठेवलं होतं. आणि मी तो डबा विकायला काढला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कुणाचा चांगला गैरसमज व्हायला नको.

पैलवान आणले मामानं. मामा बोटीवर नोकरीला होता. दर सुट्टीला येताना भाच्यांसाठी दोन-तीन आणायचा. बॅगेत जागा नाही म्हणून पुठ्ठ्याची रंगीत खोकी तो तिकडेच फाडून टाकायचा आणि एकेक पैलवान पायमोज्यात गुंडाळून आणायचा. त्यामुळे आमच्याकडे खोक्यातला पैलवान कधी आलाच नाही. सगळे पहिल्यापासून सुटेच.

आणायचा दोघांसाठी, पण मी धाकट्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. चौदाव्या वर्षी मला मिसरूड फुटायच्या आधीच शिंगं फुटली होती. एकदा त्यानं नवा पैलवान माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "दादा, हो तुझो." शाळेतले दोघे मित्र बसलेले होते. मी त्याच्या हातावर चापट मारली आणि म्हणालो, "माका नको तुझ्यो बाहुल्यो." पैलवान अंगणात जाऊन पडला. धाकटा रडला नाही. उचलून, पुसून आत घेऊन गेला. त्यानंतर त्यानं मला कधी विचारलं नाही, आणि मीही ते विसरून गेलो. चापट मारणारा विसरतोच.

पुढे मी आमच्या सुर्ल्याच्या एका लोहखनिजाच्या खाणीत काट्यावर कारकून म्हणून लागलो. भरलेला ट्रक काट्यावर येतो, त्याचं वजन घ्यायचं, त्यातून रिकाम्या ट्रकचं वजन वजा करायचं, उरेल तो माल. बारा वर्षं मी हेच केलं. घरी येईपर्यंत कानात, नाकात, चपलेत तांबडी धूळ. जी दिसेल त्या गोष्टीतून काहीतरी वजा करून बघायची खोड मला तिथं लागली ती लागलीच. खाण बंद झाली तशी ती नोकरी गेली. आता मी मोरजीला एका गेस्ट हाउसचं स्टोअर सांभाळतो. चादरी, तुवाले, साबणाच्या वड्या, उशा. पर्यटकांना समुद्र दिसतो, मला कपाटं.

गेल्या वर्षी माझ्या मोटरसायकलचं इंजिन बसलं. मेकॅनिकनं सांगितलेला खर्च ऐकून मी गाडी घराच्या कडेला लावून ठेवली. सुर्ल्याहून डिचोली, डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून मोरजी, अशा तीन बस बदलून कामावर जायला लागलो. आई साडेचारला उठून चहा ठेवायची. मी नको म्हणायचो, ती ऐकायची नाही. संध्याकाळी मी आठ-साडेआठला घरी पोचायचो तोवर ती दारातच. पाय दुखतात म्हणून मी एक शब्द कधी काढला नाही, पण पायरी चढताना माझा हात भिंतीला लागायचा, तो ती बघायची.

त्याच सुमारास मोबाइलवर मला समजलं की जुन्या पैलवानांना गिऱ्हाईक आहे. मोठी माणसं, माझ्याच वयाची, लहानपणचे पैलवान शोधत असतात. खोक्यातल्याचा भाव वेगळा, सुट्याचा वेगळा. सुट्यांतही सांधे ढिले की घट्ट, रंग उडालाय की शाबूत, कमरेचा पट्टा सोबत आहे की हरवला, यावर सगळं. हे वाचताना मला बरं वाटलं, कारण ही वजाबाकी माझ्या ओळखीची होती. मी डब्यातल्या पैलवानांचे फोटो काढून तिथं चढवले. दोन दिवसांत म्हापशाजवळच्या एका तरुणाचा फोन आला, रविवारी बघायला येतो म्हणून.

आईला विकू का म्हणून विचारलं ते शनिवारी. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत.

"वीक," ती म्हणाली. "तो काय आता खेळूक येवचो नाय."

मला वाटलं होतं ती नको म्हणेल. ती नको म्हणाली असती तर मी सुटलो असतो.

रविवारी तो तरुण आला. पंचविशीचा असेल, अदबीनं बोलणारा. आईला मावशी म्हणाला, सोप्यावर कदेलीत, आमच्या जुन्या लाकडी खुर्चीत, बसला, आणि खिशातून स्वच्छ रुमाल काढून मांडीवर पसरला. एकेक पैलवान त्यावर ठेवून तो हलक्या हातानं खांदा फिरवायचा, गुडघा वाकवायचा, कानाशी धरायचा. तसं करता करता त्यानं दोन रांगा लावल्या. एकीत आठ, दुसरीत अकरा.

"भाई, हे आठ खूप खेळलेले आहेत," तो म्हणाला. "ह्याच्या बुटावर दात लागलेत. ह्याचा हात लोंबतो. ह्यांचं फारसं काही येणार नाही. पण हे अकरा बघा. सांधे एकदम घट्ट, रंग जागच्या जागी. ह्यांना कुणी हातच लावला नाही म्हटलं तरी चालेल. सुट्यांत असे मिळत नाहीत."

"मग?"

"फक्त पायाखाली पेनानं लिहिलंय. लिहिलेलं असलं की किंमत अर्ध्यावर येते." त्यानं एक पैलवान उलटा करून माझ्यापुढे धरला. "दादा म्हणजे कोण?"

मी तो हातात घेतला. डाव्या पायाच्या तळव्यावर निळ्या शाईनं, वाकड्या अक्षरात, दोन काने देऊन लिहिलं होतं, दादा. दुसरा उलटा केला. दादा. अकराही पैलवानांच्या पायाखाली तेच. आणि त्या आठांच्या पायाखाली धाकट्याच्या नावाचं पहिलं अक्षर. म्हणजे मी चापट मारल्यावरही मामा जे आणत गेला त्याची त्यानं वाटणी केली होती. चांगले होते ते माझ्या नावावर लावले होते, आणि माझे म्हणून त्यांच्याशी तो खेळला नव्हता. दात लावले ते स्वतःच्या पैलवानांना.

मी त्या तरुणाला सांगितलं, विचार करून कळवतो. तो म्हणाला, पुढच्या रविवारी म्हापशाला या, मी असेन. तो गेल्यावर मी विहिरीवर जाऊन तोंड धुतलं आणि धुता धुता रडलो. मला फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त धाकट्याची आठवण आली. त्याच्या तेराव्यालाही इतकी आली नव्हती. तेव्हाच मी ठरवलं, हे अकरा कुठं जाणार नाहीत. हवं तर ते आठ द्यायचे, आणि मन झालं नाही तर तेही नाही.

पण हे मी आईला सांगितलं नाही. आमच्या घरात जेवलास का विचारतात, रडलास का विचारत नाहीत. आईनं स्वयंपाकघराच्या जनेलाच्या गजांतून ऐकलं होतं ते एवढंच, की पायाखाली लिहिलंय म्हणून किंमत अर्धी.

गणपतीची चवथ जवळ आली होती. चवथीआधी आमच्याकडे तांब्या-पितळेची सगळी भांडी बाहेर निघतात. परसातली आंबट बिंबलं तोडून ती भांड्यांवर चोळायची आणि नारळाच्या काथ्यानं घासायचं, म्हणजे तांबं लख्ख होतं. त्या शनिवारी मी कामावरून आलो तर सोप्यावर समया, घंगाळ, ताम्हण ओळीनं चमकत होती. आणि शेजारी सुपात, स्वच्छ पंच्यावर, एकोणीस पैलवान उताणे वाळत घातलेले होते. पाय माझ्याकडे.

तळवे कोरे होते. एकाही पायावर काही नव्हतं.

"आये, ह्या काय केलंस?"

"घासले," ती म्हणाली. तिची बोटं बिंबलांच्या आंबटानं पांढरी पडून सुरकुतली होती. "घरातली वस्त दुसऱ्याच्या हातात जाता ती अशी मळकी? सांध्यासांध्यात तांबडी धूळ होती. लोक काय म्हणतीत? आता पुरी किंमत सांगून घे."

मी ओरडणारच होतो. तोंड उघडलं होतं. म्हटलं, "त्यावर काय लिवललां, तुका म्हायत होता?"

"माका वाचूक येता," आई म्हणाली. "घासण्याच्या आधी सगळ्यांचे पाय वाचले मी. दोनदा वाचले." मग तिनं पंच्याचं टोक सरळ केलं. "तुझ्या नावार ठेवले तेणे. मगे तुझ्या उपेगाक पडांदेत. अक्षर घेवन काय करतलंस? तीन बशी बदलतंस तू. माका बघवना नाय."

तिनं वाचून, समजून, स्वतःच्या हातानं मुलाचं अक्षर पुसलं होतं, दुसऱ्या मुलाचे पाय दुखू नयेत म्हणून. मी सुपाजवळ बसून राहिलो. नंतर पैलवान डब्यात भरायला घेतले. दिव्याचा उजेड कमी होता, आणि मी बघत होतो ते फक्त पाय.

अक्षरच गेलं, आता विकायला हरकत कसली, असं मनाला बजावत मी रविवारी डबा घेऊन म्हापशाला गेलो. तो तरुण वेळेवर आला. त्यानं डबा उघडला, पहिला पैलवान हातात घेतला, मग दुसरा, मग घाईनं आणखी चार. त्याचा चेहरा पडला.

"भाई, ह्यांना काय केलं?"

"घासले. आईनं."

"तोंडं गेली," तो हळू आवाजात म्हणाला. त्यानं एक माझ्यापुढे धरला. डोळे नव्हते. भुवया नव्हत्या. छातीवरचं गोंदण जाऊन तिथं नुसतं गुलाबी प्लास्टिक उरलं होतं. एकोणीसही तसेच. काथ्यानं तांब्याचं जे भलं होतं ते रंगाचं होत नाही, हे आईला कोण सांगणार? तिच्या आयुष्यात घासल्यानं कुठल्या वस्तूची किंमत कमी झालेली तिनं पाहिली नव्हती.

"आता हे हातापायांसाठी जातील," तरुण म्हणाला. "कुणाच्या पैलवानाचा हात तुटलेला असतो, त्याला ह्यांचा काढून लावतात. तेवढ्याचंच काय ते येईल. सॉरी भाई." त्यानं आकडा सांगितला. तेवढ्या पैशात फार तर आम्हा दोघांचं एक जेवण झालं असतं. मी डबा बंद केला. त्यानं आग्रह केला नाही, उलट डब्याचं झाकण नीट बसवून दिलं.

घरी काय सांगायचं, याचा विचार मी डिचोलीच्या बसमध्ये केला. खरं सांगितलं तर धाकट्याचं अक्षर फुकट गेलं, आणि ते आपल्या हातानं गेलं, हे आईला कळणार. त्यानंतर तिनं ते हात कुठं ठेवावेत? मी मोरजीला मालकाला फोन केला आणि पगाराची उचल मागितली. मालक कुरकुरला, पण हो म्हणाला. डबा मी एका ओळखीच्या दुकानात ठेवला आणि रिकाम्या हातानं घरी गेलो.

"पुरी किंमत मेळली," मी आईला सांगितलं.

त्या आठवड्यात मोटरसायकल दुरुस्त झाली. पहिल्यांदा सुरू केली तेव्हा आई अंगणात आली. तिनं टाकीवर तळहात ठेवला, इंजिनाची थरथर हाताला लागेपर्यंत ठेवला, आणि म्हणाली, "धाकट्यान दिली गाडी तुका." नंतर शेजारणींनाही तिनं तेच सांगितलं. गणपतीच्या दिवशी देवापुढचं एक फूल आणून तिनं हँडलला खोवलं. धाकटा गेल्यापासून मी तिला इतकी शांत पाहिली नव्हती.

पैलवान आता मोरजीला आहेत, गेस्ट हाउसच्या स्टोअरमध्ये, जादा उशांच्या मागे. कधी दुपारी काम नसलं की मी डबा काढतो. डोळे नाहीत, अक्षरं नाहीत, पण खांदा फिरवून बघितला की कळतं. घट्ट असेल तो माझा, लोंबेल तो त्याचा. मी त्यांना घरी नेऊ शकत नाही. विकले म्हणून सांगून बसलोय. आई आहे तोवर त्यांना इथंच राहायला हवं, आणि त्यांना घरी नेता येईल तो दिवस कोणता असेल हे मला ठाऊक आहे. म्हणून रोज संध्याकाळी अंगणात शिरताना, गाडी बंद करायच्या आधीच, मी आईला हाक मारतो.