ताईंची बोटं आणि दूध-एक

दुष्काळाच्या दिवसांत भूमच्या आमच्या दूध संघात पहिला संगणक आला, आणि सोलापूरला कोर्स करून आलेला मीही त्याच्याबरोबर. गावोगावचं दूध आटत चाललं होतं. कुठून किती आलं हे रोजच्या रोज कळलं, तरच गाड्यांच्या फेऱ्या जुळवता येणार होत्या. त्यासाठी मी दोन प्रोग्रॅम लिहिले. 'दूध-एक' सकाळी आकडे भरायला, 'दूध-दोन' संध्याकाळी तक्ता छापायला. काळ्या पडद्यावर हिरवा ए आणि त्यापुढं बाणाचं टोक दिसलं, की इंग्रजी अक्षरांत दूध, त्याला चिकटून एकाचा नाहीतर दोनाचा आकडा, आणि एंटर. एवढंच.

एवढंच मला ऑफिसातल्या टायपिस्ट ताईंना शिकवायचं होतं. त्या शिकल्या की साहेब मला परंड्याच्या केंद्रावर पाठवणार होते. तिथून सोनारी, माझं गाव, जवळ. मला घाई होती.

ताई माझ्याहून बऱ्याच मोठ्या. बार्शीला एसटीनं जाऊन येऊन टायपिंग शिकलेल्या, आणि त्यांच्या घरात पगाराची पहिली नोकरी त्यांचीच. बोटं अशी चालायची की बघत राहावं.

पहिल्या दिवशी त्यांनी दूध-एक टाइप केलं, एंटर मारलं. पडद्यावर उमटलं, 'बॅड कमांड ऑर फाइल नेम.'

"काय म्हणतंय?"

"हुकूम चुकला म्हणतंय."

"म्या कुठं हुकूम दिला? तुमी सांगितलं तेच लिहिलं की."

खरंच तेच लिहिलं होतं. मी पडद्याला नाक लावून एकेक अक्षर वाचलं. सगळं बरोबर. मग मी स्वतः टाइप केलं, तर प्रोग्रॅम झटक्यात सुरू. संध्याकाळी ताईंनी दूध-दोन टाइप केलं, तेही सुरू. दुसऱ्या सकाळी पुन्हा ताई, पुन्हा दूध-एक, पुन्हा बॅड कमांड.

असा आठवडा गेला. मी फ्लॉपी बदलली. विजेच्या दाबाला शिव्या दिल्या. खिडकीतून येणाऱ्या फुफाट्यावर संशय घेतला आणि खिडकीवर ओली चादर टांगली, म्हणून शिपाई पाण्यावरून माझ्याशी भांडला. शेवटी माझा तोल गेला.

"ताई, मुद्दाम करताय का तुम्ही?"

"भाऊ, मला काय तुमच्या मशीनशी वैर हाय व्हय?" असं म्हणून त्या उठल्या, त्यांच्या जुन्या इंग्रजी टाइपरायटरपुढं जाऊन बसल्या आणि ईट गावच्या सोसायटीला पत्र बडवायला लागल्या.

मी चरफडत तिथंच उभा होतो. पत्रावर तारीख आली. एकाचा आकडा मारताना त्यांचं बोट वरच्या ओळीकडं गेलंच नाही. उजव्या हाताशी जो इंग्रजी एल असतो, त्यावर पडलं.

"ताई, हे काय? एकाच्या जागी एल?"

"मग? टाइपरायटरवर एकाची कळ असती कुठं? बारका एल मारला की एकच दिसतो. समदेच मारत्यात."

मी संगणकावर जाऊन दोन्ही मारून बघितले. पडद्यावरही ते दोन्ही जवळजवळ सारखेच दिसत होते.

"ताई, संगणकावर एकाची वेगळी कळ आहे. तीच मारायची."

"बरं की," ताई म्हणाल्या, आणि दुसऱ्या सकाळी एलच मारला. सांगून, विनवून, एलवर चिकटपट्टी लावून झालं, तरी पट्टीसकट एलच. मी 'दूध-एक'चं नाव बदलून 'सकाळ' केलं. प्रोग्रॅम उघडला, आणि पहिल्या गावाचा नंबर भरतानाच अडला. गाव नंबर एक!

शेवटी मीच हरलो. प्रोग्रॅम उघडून बसलो आणि कुणी एल मारला तरी तो एकच समजावा, अशी सोय त्यात केली. पुढच्या सकाळी ताईंनी सगळी गावं सपासप भरली. कुठंच काही अडलं नाही. ताई खूश होऊन साहेबांना म्हणाल्या, "साहेब, मशीन सुधारलं बगा."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "मशीनमध्येच दोष होता तर? मग इतके दिवस काय करत होतास रे?"

"होता, साहेब," म्हणत मी पिशवी उचलली. परंड्याची गाडी सुटायला थोडाच वेळ होता.