शेवग्याच्या शेंगा आणि तीन शिट्ट्या

दुपारची भांडी पालथी घालून हेमलता दिवाणावर कलंडते, तेव्हा तिचा बेत झोपायचा नसतोच. फक्त डोळे मिटायचे. नवरा कॅरम खेळायला गेलाय, चारशिवाय यायचा नाही. पंखा दर फेऱ्याला एकदा कुरकुरतो. ती कुरकुर हळूहळू लांब जाते, आणि नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते.

आता कुकर तर तिनं स्वतःच्या हातानं घासून ठेवलाय. तरी ती उठून जाते. शिट्टी झाली की बाईमाणूस उठतंच.

ओट्याशी, फरशीवर एक पाय पसरून वन्सं बसल्यात. मांडीवर शेवग्याच्या शेंगा. सोलतायत.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण, सोनाबाई. वैरागजवळच्या खेड्यातून एसटीनं बार्शीला यायच्या, आणि कधी म्हणजे कधी कळवून यायच्या नाहीत. "फोन करून याया मी काय पावणी हाय?" तीन जिने चढून धापा टाकत दारात उभ्या. हातात पिशवी, पिशवीतून शेंगा बाणांसारख्या बाहेर आलेल्या. त्यांना जाऊन वर्ष व्हायला आता आठच दिवस राहिलेत.

हे हेमलताला आत्ताही ठाऊक आहे. पण गेलेल्या माणसाला तोंडावर तसं म्हणणं बरं दिसत नाही. म्हणून ती विचारते, "वन्सं, चहा टाकू?"

"टाक की. साखर घाल बक्कळ. आता काय होतंय मला?"

डबा काढायला हेमलता हात वर करते, तर हातात पिशवी. खताच्या पोत्याची शिवलेली, नायलॉनच्या दोरीचे बंद असलेली. जड. ती ओट्यावर ठेवायला जाते तर ओटा हाताच्या खाली खाली जातो. खुंटीला अडकवावी तर भिंत मातीची, आणि खुंटीच नाही.

"ही तुम्ही त्या दिवशी कडीला अडकवून गेलात ती," हेमलता म्हणते.

"व्हय. लई जड हुती."

त्या दिवसाचं असं झालं होतं. हेमलताचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. बेल वाजली. दारातल्या बारीक काचेतून तिनं पाहिलं, तर वन्सं. काचेमुळे नाक भलंमोठं, कपाळ एवढंसं. वन्सं आल्या म्हणजे मुक्काम, गावच्या म्हशींची आणि सुनांची खबरबात, शिवाय "तू वाळलीस गं." हेमलतानं श्वास रोखला. परत बेल. आणि तेवढ्यात कुकरनं शिट्टी दिली. मग दुसरी. मग तिसरी, चांगली लांबलचक. दाराच्या आत एक बाई, बाहेर एक बाई, दोघी गप्प. मग कडीला काहीतरी अडकवल्याचा आवाज झाला आणि चपला जिना उतरून गेल्या.

अकरा दिवसांनी वन्सं झोपेतच गेल्या. भेटायला गेल्यावर त्यांची सून सविता म्हणाली, "आत्या तुमच्याकडं येऊन गेल्या हुत्या, मामी. म्हणल्या, हेमा घरी नव्हती."

तेव्हापासून हेमलताला एकच गोष्ट टोचतेय. वन्संनी शिट्ट्या ऐकल्या होत्या का? आणि ऐकूनही घरी जाऊन तसं सांगितलं का? नवऱ्याकडेही ती हे बोललेली नाही. सविताचा फोन आला की ती तो न बोलता नवऱ्याच्या हातात देते.

बेल वाजते.

"कोण असेल?" हेमलता दचकते.

"उघडू नको," वन्सं कुजबुजतात आणि तिला हाताला धरून चक्क खाली ओढतात. आता दोघी ज्वारीच्या कणगीमागे उकिडव्या बसल्यात. कोंड्याचा वास येतोय. वन्संच्या खांद्याला खांदा लागलाय, आणि तो उबदार आहे.

"आमी दोघी जावा अशाच लपलाव हुताव," वन्सं सांगतात. "सासऱ्याचा चुलतभाऊ. आला की चार दिस. आन दर घासाला, मीठ कमी हाय. कडी लावून बसलाव गप. तर थोरलीला आली शिंक."

"अगंबाई! मग?"

"मग काय? म्हातारा भाईरनं वरडला, 'शतंजीव!'"

हेमलता पदर तोंडात कोंबून हसते. वन्संचं पोट हलतंय. "गेला बिचारा. आन पुढच्या खेपंला आला, तसाच हसत. आमीच मेल्याहून मेल्यासारख्या."

हसता हसता हेमलताचा आवाज फाटतो. "वन्सं, मी घरी होते."

"तीन शिट्ट्या झाल्या की."

"ऐकल्यात?"

"डोळं अधू झालं हुतं माझं, कान न्हाई. म्हणलं, भात झाला. टायमावर जेवंल आता."

"मग सविताला असं का सांगितलंत?"

"तर काय सांगू? मामी दाराआड हाय म्हणून?" वन्सं शेंगेचा दोरा काढून बाजूला टाकतात. "तीस वरसं दार उघडलंस माझ्यासाठी. भर बाळंतपणात उघडलंस. एक डाव न्हाई उघडलंस, तर त्येवढंच धरून बसलीस व्हय? आन उघडलंस की. मी जिन्याच्या वळणावरच हुते. कडी वाजली. पिशवी आत घेतलीस."

"तुम्ही गेल्यावर घेतली."

"घेतलीस न्हवं? आमटी केलीस?"

"केली."

"कूट घातलास?"

"घातला."

"वरपलीस?"

"दोन वाट्या," हेमलता नाक ओढत म्हणते. "छान झाली होती, वन्सं. सांगायचं राहून गेलं."

"झालं तर मग." वन्सं तिचा हात ओढून घेतात आणि मुठीतून पिशवीचे बंद सोडवतात, एकेक बोट उलगडून. लहान पोरीची मूठ उघडावी तसं. "आण हिकडं. किती येळ धरून बसायलीस?"

हेमलताचा हात एकदम हलका होतो. ती वाकते, आणि कणगीमागच्या त्या अडचणीतच वन्संच्या पायांवर डोकं टेकते.

परत बेल. कणगी नाही. हेमलता आपल्याच जिन्यात उभी आहे आणि वन्सं कठडा धरून सावकाश उतरतायत.

"वन्सं, चहा राहिला!"

"भाईर जे कोण हाय त्येला दे. ओझं घिऊन उभारलंय बिचारं."

हेमलता डोळे उघडते. पंखा कुरकुरतोय. बेल खरोखरच वाजतेय.

उजव्या हाताची बोटं चुरचुरतायत. ती हात उजेडात धरते. चारही बोटांवर, मधल्या पेरांशी, एक लाल वळ. पिळाच्या दोरीचा असतो तसा. ती उशी उचलून बघते, चादर झटकून बघते. दोरी कुठेच नाही.

बेल तिसऱ्यांदा वाजत नाही. बाहेर कुणीतरी चपला घासत पाय बदलतं.

दाराशी गेल्यावर सवयीनं तिचा डोळा काचेकडे वळतो. मग ती मान मागे घेते आणि तोच हात कडीवर ठेवते.

बाहेर सविता. घामाघूम. ओशाळी.

"मामी, फोन न करताच आले. आत्यांच्या झाडाला आवंदा लई शेंगा धरल्यात. म्हणलं, पहिल्या तुमच्याकडं..."

"फोन करून यायला तू काय पाहुणी आहेस?" हेमलता म्हणते. "आत ये. चहात साखर बक्कळ चालेल ना?"

आणि ती हात पुढे करून सविताची पिशवी घेते. नायलॉनची दोरी चारही बोटांवर बसते, बरोबर त्या वळात.